पूल क्यूच्या बटाने फटक्यात नेमका काय फरक पडतो?

आर्णीजवळच्या एका गावातील तरुण खेळाडूने मला असे विचारले आहे: त्याच्याकडे साध्या मेपल बटाचा (क्यू म्हणजे पूल खेळायची काठी, आणि बट म्हणजे तिचा मागचा, मुठीकडचा जाड अर्धा भाग) १९ औंसांचा क्यू आहे आणि मित्राकडे तेवढ्याच वजनाचा, पण एबनीच्या, म्हणजे आबनुसाच्या बटाचा. मित्राची स्टिक हातात घेतली की फटका भरीव लागतो. विक्रेता सांगतो की एबनीच्या बटामुळे साइड मारताना, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावी-उजवीकडे फटका मारताना, पांढरा बॉल कमी ढळतो आणि ताकदही जास्त मिळते. सोयाबीनचे पैसे हातात आहेत तोवर नवा बट घेऊन टाकावा का, असा त्याचा प्रश्न आहे. आमच्या घरी पिढीजात कातारकाम होते. वडिलांच्या खरादीवर पाळण्याचे खांब, लाटणी आणि गाडीच्या चाकांचे तुंबे उतरत असत. त्याच खरादीवर दारव्ह्यात गेली बावीस वर्षे मी क्यूची दुरुस्ती करतो आहे, आणि अधूनमधून नवे बटही करतो. त्या अनुभवावरून जे खात्रीने सांगता येते तेवढेच येथे लिहितो.

विक्रेत्याच्या पहिल्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण तो सरळ चुकीचा आहे. क्यूच्या पुढच्या टोकावरची चामड्याची टिप पांढऱ्या बॉलच्या मध्याला न लागता डावीकडे किंवा उजवीकडे लागली, की बॉल नेमलेल्या रेषेवरून किंचित विरुद्ध बाजूला ढळतो. हे ढळणे किती असावे, ते टिपेमागच्या शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या बारीक भागाच्या, पहिल्या पाच ते आठ इंचांचे वजन ठरवते. टिप आणि बॉल यांचा स्पर्श जेमतेम एक ते दोन सहस्रांश सेकंद टिकतो, आणि शाफ्टला आडव्या दिशेने बसलेला हिसका तेवढ्या वेळात तेवढाच मागे पोहोचतो. म्हणून कमी ढळणाऱ्या शाफ्टमध्ये कारागीर पुढचे टोक पोकळ करतात, टिपेखालची फेरूल (छोटे कडे) हलकी आणि आखूड ठेवतात, किंवा सगळा शाफ्टच कार्बन फायबरचा पोकळ बनवतात. बट सुरू होतो तो टिपेपासून २९ इंचांवर. तिथे मेपल आहे, एबनी आहे की बाभूळ, याची खबर बॉल टिपेपासून सुटेपर्यंत पुढच्या टोकाला लागतच नाही. तुमचा जुनाच शाफ्ट नव्या बटावर चढवलात, तर साइडचा फटका पूर्वीइतकाच ढळेल. त्यासाठी पैसे मोजू नका.

दुसरा दावा ताकदीचा, आणि तो अगदीच निराधार नाही. लांबीच्या दिशेने जाणारा धक्का लाकडाच्या रेषांबरोबर फार वेगाने, मेपलमध्ये सेकंदाला सुमारे चार हजार मीटर या वेगाने धावतो. ५८ इंचांच्या क्यूत टिपेपासून शेपटाच्या रबरी बंपरपर्यंत जाऊन परत यायला त्याला एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, त्यामुळे पांढऱ्या बॉलमागे क्यूचे सगळे वजन उभे राहते आणि बटाचे वजन हिशेबात धरावेच लागते. प्रश्न इतकाच की किती धरायचे. पूलचा बॉल जास्तीत जास्त १७० ग्रॅमचा असतो. १९ औंसांचा क्यू सुमारे ५४० ग्रॅमचा आणि २१ औंसांचा सुमारे ५९५ ग्रॅमचा. हात त्याच वेगाने आला असे धरून टकरीचे साधे गणित मांडले, तर दोन औंस वाढवल्याने बॉलचा वेग दोन टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो, आणि जड क्यू त्याच वेगाने आणायला हाताला जास्त जोर लावावा लागतो तो वेगळाच. शिवाय तुमचे दोन्ही क्यू १९ औंसांचेच आहेत, म्हणजे तुमच्या बाबतीत हा फरक शून्य आहे.

मग मित्राचा क्यू भरीव लागतो तो भास आहे का? तसे मी म्हणणार नाही. तळहाताला बसलेला हादरा मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस सहस्रांश सेकंद सहज लागतात, आणि मध्यम फटक्यातला बॉल तोवर टिपेपासून पाच-सहा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. फटक्याची जाणीव ही घडून गेलेल्या गोष्टीची बातमी असते. ती त्या फटक्यात काहीही बदलू शकत नाही, पण पुढचा फटका कसा मारायचा हे हात त्याच बातमीवरून शिकतो, म्हणून ती स्पष्ट आणि प्रत्येक वेळी सारखी मिळणे महत्त्वाचे असते. बटाचे एक काम ही बातमी पोहोचवण्याचे आहे. त्याहून मोठे काम फटक्याच्या आधीचे आहे, आणि ते म्हणजे हात मागे-पुढे होत असताना क्यूचा तोल सांभाळणे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या दुसऱ्या कामात आहे.

पाठीमागच्या टोकाला सुमारे ३२ मिलिमीटर आणि जॉइंटपाशी, म्हणजे बट आणि शाफ्ट जोडले जातात तिथे, साडेएकवीस मिलिमीटर जाडीचा, २९ इंच लांबीचा बट घेतला, तर त्यात सुमारे ४२० घनसेंटीमीटर लाकूड असते. हार्ड मेपल घनसेंटीमीटरला ०.७ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे नुसत्या लाकडाचा बट साडेदहा औंसांच्या आतच राहतो. त्यात शाफ्टचे सुमारे चार औंस आणि जॉइंट, पिन, बंपर यांचा दीड औंस मिळवला तरी गाडी सोळा औंसांवर अडते, आणि उरलेले अडीच-तीन औंस भरून काढण्यासाठी बंपरच्या आत लोखंडी बोल्ट बसवतात. एबनीचे उलट आहे. ती पाण्यात बुडते. घनसेंटीमीटरला एक ग्रॅमहून जास्त भरते. सगळा बट एबनीचा केला तर बोल्ट न घालताच क्यू २१ औंसांच्या वर जातो, म्हणून जाणता कारागीर एबनी फक्त पुढच्या भागात, म्हणजे जॉइंट ते मूठ या सुमारे बारा इंचांत वापरतो आणि मुठीखाली मेपलच ठेवतो. (उन्हाळ्यात गोंदिया-गडचिरोलीकडे ज्याची पाने विडीसाठी तोडतात तो तेंदू, आपली टेंभुर्णी, एबनीच्याच कुळातला. जुन्या झाडाचा गाभा काळाभोर निघतो. मला आजवर बटाच्या मापाचा, न तडकलेला तुकडा एकदाच मिळाला.)

आता हे दोन क्यू शेजारी ठेवून पाहा. पुढचे बारा इंच मेपलऐवजी भरीव एबनीचे केले की तिथे पावणेदोन औंसांच्या आसपास वजन वाढते, आणि एकूण वजन १९ औंसच ठेवायचे म्हणून तेवढेच वजन शेपटाच्या बोल्टातून काढून टाकले जाते. वजन वाढले नाही, फक्त मागून पुढे सरकले. पण तेवढ्याने तोलाचा बिंदू जवळजवळ दोन इंच पुढे येतो. एबनीच्या आत मेपलचा गाभा घातलेला असेल तर हा फरक एक तृतीयांशावर येतो, आणि आजकाल लाकूड वाकू नये म्हणून असा गाभा पुष्कळ जण घालतात. तराजूवर दोन्ही क्यू सारखे आणि हातात वेगळे लागतात, त्याचे कारण हे. पूल क्यूचा तोल साधारणपणे शेपटापासून १८ ते १९ इंचांवर असतो. तुमच्या क्यूचा १७ च्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही, कारण स्वस्त मेपल बटात वजन भरण्याचा सोपा मार्ग म्हणजे मागे मोठा बोल्ट ठोकणे.

ज्याने कुऱ्हाड आणि काठी दोन्ही चालवल्या आहेत त्याला तोलाची बाब समजावून सांगावी लागत नाही. तोल पुढे असला की क्यूचे अधिक वजन ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर ठेवून क्यूला आधार देणाऱ्या, हातावर टेकते. टिप जागेवर राहते, हात मागे नेताना वर उचलली जात नाही, आणि क्यू रुळावरून गेल्यासारखा सरळ पुढे जातो. फटका "भरीव" लागतो असे खेळाडू म्हणतात तेव्हा दहापैकी सात वेळा ते या स्थिरपणाचेच वर्णन करत असतात, असे माझे मत आहे. तोल मागे असला की पुढचे टोक हलके आणि चपळ होते, मनगट मोकळे फिरते, आणि हळुवार फटक्यांत काहींना तेच बरे वाटते. मात्र ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांची टिप नेमकी ऐन वेळी भटकते. मूठ धरण्याची जागाही तोलाबरोबर सरकते. तोल दोन इंच पुढे गेला आणि तुम्ही मूठ जुन्याच जागी धरली, तर सुरुवातीचे आठ-दहा दिवस सगळे फटके आखूड पडल्यासारखे वाटतील; त्याचा दोष क्यूला देऊ नका.

लाकडाच्या जातीला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा कमी. एखादा दांडा किती वाकतो हे त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते; मुठीपाशी २८ मिलिमीटर जाडीचा बट त्याच लाकडाच्या १३ मिलिमीटरच्या शाफ्टपेक्षा वीस पटींहून अधिक ताठ असतो. फटक्यात वाकतो तो शाफ्ट. बट जवळपास वाकतच नाही, मग तो मेपलचा असो की शिसवीचा. लाकडाची जात कळते ती कंपनांतून आणि आवाजातून. एबनी आणि शिसव यांचा आवाज बारीक आणि खणखणीत असतो, मेपलचा थोडा खालचा. आमच्याकडे औताला किंवा कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा निवडताना जाणता शेतकरी तो दगडावर आपटून ऐकतो, कारण भेग असलेला दांडा "बद्द" वाजतो. बटालाही हीच परीक्षा लावावी. दोन बोटांत क्यू हलकेच लटकवा आणि बोटाच्या पेराने शेपटाजवळ टिचकी मारा. बोटांची जागा इंच-अर्धा इंच बदलत गेलात तर एक जागा अशी सापडेल की तिथे धरल्यावर आवाज सर्वांत जास्त वेळ टिकतो. ती कंपनाची शांत गाठ असते. सगळीकडे सारख्या जाडीच्या दांड्यात ती टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर येते, म्हणजे ५८ इंचांत जवळपास १३ इंचांवर, आणि क्यू निमुळता असल्याने व मागे बोल्ट असल्याने थोडी इकडे-तिकडे सरकते. बहुतेकांची मूठ याच भागात पडते. मूठ गाठीवर असली तर हादरा कमी जाणवतो, गाठीपासून दूर असली तर हाताला झिणझिण लागते. तोच क्यू एकाला मऊ आणि दुसऱ्याला कडक लागतो याचे एक कारण हेही आहे.

आता एक प्रसंग सांगतो, कारण "खराब हिट" म्हणून माझ्याकडे आलेल्या क्यूंपैकी पुष्कळांची गोष्ट अशीच असते. हिंगणघाटहून एक मुलगा बट बदलून घ्यायला आला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे क्यूतला जीव गेला होता, जोरात मारले की आत काहीतरी भरडल्यासारखा आवाज यायचा. मी बंपर काढला, क्यू उभा धरून शेपूट तळहातावर आपटले, तर आतला बोल्ट पाव आटा सैल होऊन आपल्याच भोकात खुळखुळत होता. लांब ॲलन चावीने बोल्ट बाहेर काढला, आट्यांना पातळ टेप गुंडाळली आणि परत कसला. तो मुलगा टेबलावर तीन फटके मारून आला आणि मी बट बदलला की काय म्हणून क्यू उलटसुलट करून पाहू लागला. बटाच्या आत सैल बोल्ट, सुटलेला बंपर, जॉइंटच्या कड्याखाली वाळलेला गोंद, किंवा मूठ आणि पुढचा भाग जिथे आतून जोडलेले असतात त्या सांध्यात आलेली पोकळी, यांपैकी काहीही असले की हाताला मिळणारी बातमी गढूळ होते. चांगल्या बटाची माझी व्याख्या त्यामुळे फार साधी आहे: आतले सगळे तुकडे एकजीव असले पाहिजेत आणि कशालाही स्वतंत्रपणे हलायला जागा नसावी.

जॉइंटवरून खेळाडू तासन्तास वाद घालतात. स्टीलचा जॉइंट कडक, लाकडाला लाकूड भिडणारा जॉइंट मऊ, असे म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या दुकानात येणाऱ्या पाच-सहा मुलांच्या कानांत कापसाचे बोळे घालून (यवतमाळ जिल्ह्यात कापसाला काय तोटा!) आणि जॉइंटवर फडके गुंडाळून त्यांना दोन्ही प्रकारचे क्यू खेळायला दिले. तोल मी आधीच बोल्ट बदलून सारखा केला होता. एकालाही प्रत्येक वेळी अचूक ओळखता आले नाही, आणि कापूस काढल्याबरोबर सगळ्यांना आले. यावरून मोठे सिद्धांत मांडायचे नाहीत, पण जॉइंटबद्दल जे "हाताला" लागते त्यातले बरेचसे कानाला लागते, हे मी तेव्हापासून धरून चालतो. स्टीलच्या कड्याचा एक खरा परिणाम मात्र आहे, आणि तो पुन्हा वजनाच्या जागेचा आहे: ते कडे तोलाच्या बिंदूपासून दहा-अकरा इंच पुढे बसते, त्यामुळे एक औंस तिथे वाढला की तोल अर्धा इंच पुढे येतो.

मुठीच्या गुंडाळणीबद्दल थोडक्यात. आयरिश लिनन घाम शोषते, चामडे हाताला चिकटते, नुसते पॉलिश केलेले लाकूड कोरड्या हाताला उत्तम आणि घामेजलेल्या हाताला वाईट. ही निवड प्रत्येकाच्या तळहाताची आहे. फटक्यावर तिचा परिणाम इतकाच की मूठ निसटेल अशी भीती वाटली की बोटे आवळली जातात, आणि आवळलेल्या मुठीने क्यू वाकडा ओढला जातो. जाडीचेही तेच: लहान हाताच्या मुलाने जाड बट घेऊ नये. लिननचा धागा ज्या झाडापासून निघतो ते झाड म्हणजे आपले जवस, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपण ते तेलासाठी पेरतो, तिकडे धाग्यासाठी पेरतात. आणि स्नूकरच्या ॲश लाकडाच्या क्यूला जे तेल चोळतात तेही जवसाचेच.

देशी लाकडाचा बट करून मिळेल का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण हा प्रश्न पुढे येतोच. सागवान घनसेंटीमीटरला ०.६५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मेपलहून थोडे हलके असते, आणि ते हंगामाप्रमाणे फारसे फुगत-आकसत नाही. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून आणलेल्या जुन्या, चांगल्या मुरलेल्या तुळईचा पहिला बट मी मोठ्या हौसेने केला. मे महिन्यात तो पुढच्या सांध्यात उघडला. चूक माझी होती: सागात स्वतःचे तेल असते आणि तेलकट पृष्ठभागावर एपॉक्सीचा गोंद नीट धरत नाही, जोडण्याच्या काही मिनिटे आधी ॲसिटोनने पुसून घ्यावे लागते, हे मला तोवर माहीत नव्हते. दुसरा बट तसा पुसून जोडला. तो आजही खेळात आहे आणि त्याचा आवाज मेपलहून थोडा बसका असला तरी मला आवडतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या कोरड्या उन्हात टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेला क्यू आकसतो, पावसाळ्यात तोच फुगतो, आणि या ओढाताणीत सर्वांत आधी सुटतात ते बटातले वेगवेगळ्या लाकडांचे आणि धातूचे सांधे. एबनी वाळताना तडकण्यात कुख्यात आहे. तुमच्या गावी खोलीत कूलर असला तर क्यू त्याच्या थेट झोतात ठेवू नका, आणि जीपच्या मागच्या काचेखाली तर अजिबात नाही.

तेव्हा नवा बट घेण्यापूर्वी एवढे करा. दोन्ही क्यू जोडून तर्जनीवर आडवे तोला, जिथे ते स्थिर राहतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि शेपटापासून अंतर मोजा. तुमचा तोल मित्राच्या मागे निघाला, तर बंपर काढून आतला बोल्ट तराजूवर ठेवा. १९ औंसांच्या आणि १८ इंचांवर तोललेल्या क्यूतून शेपटाचा एक औंस कमी केला, तर तोल इंचाला थोडा कमी एवढा पुढे येतो; क्यू १८ औंसांचा होतो आणि त्याच हाताच्या वेगाला बॉलचा वेग साधारण सव्वा टक्क्याने घटतो, जो तुम्हाला जाणवणारही नाही. लहान बोल्टची किंमत एका प्लेट समोशाएवढीही नसते. असा क्यू पंधरा दिवस खेळून पाहा. त्यानंतरही मित्राचाच हवासा वाटला, तर खुशाल एबनी घ्या, पण विक्रेत्याला आत मेपलचा गाभा आहे की नाही आणि तोल किती इंचांवर येतो हे दोनच प्रश्न विचारा, आणि दुसऱ्याचे उत्तर त्याच्यासमोर बोटावर तोलून पडताळा. आणि बोल्ट काढताना एक ध्यानात ठेवा: तो डावीकडे फिरवून सुटतो, अडला तर जोर करू नका, कारण काही जण तो गोंद लावून बसवतात आणि तसाच पिळला तर शेपटाचे लाकूड उभे फाटते. तशी शंका आली तर क्यू घेऊन दारव्ह्याला या.